रक्ताच्या कर्करोगात पेशी कोणाच्या सांगण्यावरून वाढतात?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रक्ताच्या कर्करोगावर वृत्तपत्रांत जे छापून येते ते बहुतेक वेळा ‘पेशी अनियंत्रित वाढतात’ या वाक्यापाशी थांबते. बी-पेशींच्या ल्युकेमियात हे वाक्य अपुरे आहे आणि त्या अपुरेपणाची किंमत रुग्ण मोजतात. या पेशी कोणाच्या तरी सांगण्यावरूनच वाढतात. सांगणारा कधी अस्थिमज्जेतला शेजार असतो, कधी पेशीच्या आतला बिघडलेला जनुक. तो कोण हे कळले की कोणती तपासणी मागायची, कोणते औषध लागू पडेल आणि कोणत्या इंजेक्शनाला घाबरायचे कारण नाही, हेही कळते. बारामती, सातारा, सोलापूर, अहिल्यानगरहून पुण्यात उपचारांसाठी येणाऱ्या कुटुंबांना हे मराठीत आणि सविस्तर मिळावे म्हणून हे पत्र. जागा थोडी जास्त द्यावी, ही विनंती.

आधी निरोगी शरीरात काय घडते ते पाहू. बी-पेशी, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींचे घराणे, हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत घडतात. तिथल्या आधारपेशी इंटरल्युकिन-७ नावाचे प्रथिन सोडतात. १९८८ मध्ये ते उंदराच्या मज्जेतल्या आधारपेशींमधून ओळखले गेले. कोवळ्या बी-पेशीच्या पृष्ठभागावर त्याच्यासाठी दोन साखळ्यांचा रिसेप्टर, म्हणजे संदेश पकडणारे प्रथिन, असतो. इंटरल्युकिन चिकटले की दोन्ही साखळ्या जवळ येतात, त्यांच्या आतल्या टोकांना लागून असलेली जॅक-१ आणि जॅक-३ ही एन्झाइमे जागी होतात आणि स्टॅट-५ या प्रथिनावर फॉस्फेट चढवतात. याला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. फॉस्फेट चढलेले स्टॅट-५ जोडीजोडीने केंद्रकात जाऊन जनुके चालू करते. शेजारून पीआय-३ कायनेज आणि एकेटी यांचा दुसरा मार्ग चालतो. दोन्ही मिळून विभाजन पुढे ढकलणारे सायक्लिन-डी वाढवतात आणि पी-२७ नावाचा अटकाव उतरवतात. मग आरबी या अडवणाऱ्या प्रथिनाची, नक्कल सुरू करून देणाऱ्या ई२एफ प्रथिनावरची पकड सुटते आणि पेशी डीएनएची नक्कल करायला घेते. आर्थर पार्डी यांनी १९७४ मध्ये दाखवले की या वाटेवर एक टप्पा असतो. त्याच्या अलीकडे ग्रोथ फॅक्टर (इंटरल्युकिन-७सारखा वाढीचा संदेश देणारा पदार्थ) काढून घेतला तर पेशी थांबते. एकदा तो ओलांडला की ग्रोथ फॅक्टर नसला तरी ती विभाजन पुरे करते.

या संदेशाचे दुसरे कामही तितकेच मोठे आहे. तो पेशीला जिवंत ठेवतो. बीसीएल-२ आणि त्याच्या कुळातली प्रथिने वाढवून तो पेशीचा ठरलेला मृत्यू लांबवतो. संदेश तुटला की कोवळी बी-पेशी नुसती थांबत नाही, मरते. पुढे औषधांचा विषय येतो तेव्हा ही दोन कामे वेगळी धरावी लागतात, कारण काही औषधे विभाजनाचा संदेश तोडतात आणि काही जगण्याचा.

एक सावधगिरी. इंटरल्युकिन-७ नसेल तर उंदरात बी-पेशी जवळजवळ बनतच नाहीत. माणसात मात्र याच रिसेप्टरमध्ये जन्मजात दोष असलेल्या मुलांमध्ये टी-पेशी नसतात, बी-पेशी असतात. म्हणजे माणसाची बी-पेशी इतरही संदेशांवर निभावते. उंदरांवरचा निष्कर्ष ‘कर्करोगावर उपाय सापडला’ अशा मथळ्याने छापण्याआधी हा फरक लक्षात घ्यावा.

आता ल्युकेमिया. दारावरची बेल कोणी दाबली नसतानाही अडकून वाजत राहावी, तसे इथे होते. फिलाडेल्फिया क्रोमोसोम १९६० मध्ये सापडला. त्यात ९ आणि २२ क्रमांकांच्या क्रोमोसोमची अदलाबदल होऊन बीसीआर-एबीएल हे जोडप्रथिन तयार होते आणि ते कोणत्याही ग्रोथ फॅक्टरशिवाय स्टॅट-५, रास आणि पीआय-३ कायनेज हे तिन्ही मार्ग चालू ठेवते. बी-पेशींच्या तीव्र ल्युकेमियात, म्हणजे बी-एएलएलमध्ये, तो मुलांत शंभरात तीन ते पाच जणांत आणि प्रौढांत साधारण चौथ्या हिश्श्यात आढळतो. दुसऱ्या काही रुग्णांत सीआरएलएफ-२ हा रिसेप्टर प्रमाणाबाहेर बनतो. तो इंटरल्युकिन-७च्या रिसेप्टरच्याच एका साखळीशी जोडी करतो आणि जॅक-२ला कामाला लावतो; त्यात जॅक-२मध्येही बिघाड असेल तर संदेश थांबतच नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांना बी-एएलएल होतो तेव्हा निम्म्याच्या आसपास मुलांत हाच बदल दिसतो. आणखी काहींत एरिथ्रोपोएटिनच्या रिसेप्टरचा जनुक मोडून भलत्या जागी बसतो. एरिथ्रोपोएटिन मूत्रपिंडात तयार होते, ते लाल पेशींसाठी. पण असा मोडका रिसेप्टर मिळालेला ब्लास्ट (ल्युकेमियाची कोवळी पेशी) त्याच्या थोड्याशा मात्रेवरही वाढतो. रिपोर्टात ‘फिलाडेल्फिया-लाइक’ हा शब्द दिसला तर अशाच एखाद्या बदलाचा संशय आहे असे समजावे.

हे सिद्ध कसे झाले, तेही सांगायला हवे, कारण गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, तिथून देशभरच्या संशोधकांना पेशीवाण (प्रयोगशाळेत सतत वाढवता येणाऱ्या पेशी) पुरवले जातात आणि या शहरात पेशीसंवर्धन शिकणारी मुले-मुली पुष्कळ आहेत. बा-एफ-३ हे उंदराच्या कोवळ्या बी-पेशींचे वाण. आरपीएमआय-१६४० माध्यम, १० टक्के सीरम, ३७ अंश तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि मिलिलिटरला १ ते १० नॅनोग्रॅम इंटरल्युकिन-३ दिले की पेशी छान वाढतात. इंटरल्युकिन काढून घेतले की एक-दोन दिवसांत मरतात. त्यांच्यात बीसीआर-एबीएल घातला की इंटरल्युकिनशिवाय वाढतात. आता त्यात बीसीआर-एबीएल अडवणारे औषध इमॅटिनिब १ मायक्रोमोलर टाका, पेशी मरतात. पण इमॅटिनिबसोबत इंटरल्युकिन-३ परत दिले तर वाचतात. म्हणजे औषध विषारी म्हणून पेशी मेल्या नव्हत्या, त्यांचा संदेश तुटला म्हणून मेल्या.

हा प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा धुण्यात. पेशी निदान तीन वेळा धुवाव्या लागतात. पहिल्या फेरीनंतर नळीच्या तळाशी राहिलेले थोडेसे माध्यमही पुरेसे इंटरल्युकिन घेऊन येते आणि न बदललेल्या पेशीही दोन दिवस तगतात. विद्यार्थी समजतो की त्याच्या जनुकाने काम केले. जनुकाशिवायचा रिकामा वाहक (व्हेक्टर) घातलेल्या पेशी शेजारच्या खाचेत ठेवल्याशिवाय निकाल मानू नये. माणसाचे इंटरल्युकिन-३ या उंदराच्या पेशींना चालत नाही, ते उंदराचेच लागते. एमटीटी तपासणीचा रंग पेशींची चयापचय दाखवतो, विभाजन नव्हे. त्यामुळे मेलेल्या पेशी रंगवणाऱ्या ट्रिपॅन ब्लूने रोज मोजणी किंवा की-६७ (विभागणाऱ्या पेशींतले प्रथिन), नाहीतर दर विभाजनाला निम्म्या होणाऱ्या सीएफएसई रंगाची उतरती चमक जोडीला हवी. स्टॅट-५वरचे फॉस्फेट मोजायचे असेल तर दोन ते चार तास सीरमशिवाय ठेवून, पंधरा मिनिटे ग्रोथ फॅक्टर देऊन, त्याच क्षणी फॉर्माल्डिहाइडने पेशी स्थिर करायच्या, मग बर्फगार ९० टक्के मिथेनॉल. आधी सेंट्रिफ्यूज करून मग स्थिर करू, असे म्हटले की तेवढ्या वेळात पेशीतली फॉस्फेटेझ एन्झाइमे फॉस्फेट उतरवून टाकतात. सीरम तसेच ठेवून ‘ग्रोथ फॅक्टरचा परिणाम दिसत नाही’ असे लिहिणारेही असतात. सीरममध्ये मुळातच ग्रोथ फॅक्टर भरलेले असतात.

याच प्रयोगातली शेवटची पायरी रुग्णाला लागू पडते. मज्जेत इंटरल्युकिन-७ आणि आधारपेशींचे इतर संदेश कायम असतात, त्यामुळे बीसीआर-एबीएल बंद केला तरी काही पेशी त्या आधारावर तग धरतात. म्हणून फिलाडेल्फिया-पॉझिटिव्ह बी-एएलएलमध्ये इमॅटिनिबसारखी गोळी एकटी पुरत नाही, सोबत केमोथेरपी किंवा इम्युनोथेरपी लागते. पण गोळीचा वाटा केवढा, तेही पाहा. मुलांमध्ये नुसत्या केमोवर तीन वर्षे आजारमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपास होते. केमोसोबत इमॅटिनिब सलग दिल्यावर अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते ८० टक्क्यांवर गेले. बिघाड ओळखला नाही तर हा फायदा हुकतो.

आणि तो हुकतो कुठे? फार वेळा नमुन्याच्या ट्यूबमध्ये. मज्जेचा नमुना जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये घेतला तर त्यात ईडीटीए असते. ती फ्लो सायटोमेट्री (अँटिबॉडी लावून पेशी ओळखण्याची तपासणी) आणि पीसीआर (बिघडलेला जनुक शोधण्याची तपासणी) यांसाठी. हिरव्या टोपणाच्या ट्यूबमध्ये हेपॅरिन असते. ती क्रोमोसोमच्या तपासणीसाठी, कारण तिथे पेशी जिवंत राहून विभागाव्या लागतात. दोन्हींची अदलाबदल झाली तर हेपॅरिन पीसीआरचे एन्झाइम अडवते आणि ईडीटीएमध्ये पेशी नीट वाढत नाहीत. पुण्याहून मुंबईला नमुना जाणार असेल तर तो शक्यतो चोवीस तासांत पोहोचावा. शुक्रवारी संध्याकाळी काढलेला नमुना सोमवारपर्यंत पडून राहिला की त्यातला आरएनए विरतो आणि पीसीआर खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. एप्रिल-मेच्या उन्हात तो गाडीच्या डिकीत तापू देऊ नये, आणि बर्फाला थेट टेकवूनही पाठवू नये. गोठल्या की पेशी फुटतात. मज्जा ओढताना सुईतून येणारी पहिली ओढ सर्वांत दाट असते, पुढच्या ओढींत रक्त मिसळत जाते. म्हणून उपचारानंतर उरलेला आजार शोधण्याच्या तपासणीला, जिथे दहा हजारात एक पेशी पकडायची असते, पहिलीच ओढ द्यावी.

रिपोर्ट हाती आल्यावर दोन गोष्टी नक्की पाहाव्यात. बीसीआर-एबीएल निगेटिव्ह असे लिहिले असेल तर त्याचा पी-१९० हा प्रकार तपासला होता का, हे विचारावे. दीर्घ मायलॉइड ल्युकेमियात पी-२१० हा प्रकार असतो आणि काही ठिकाणी तेवढाच तपासतात; बी-एएलएलमध्ये, विशेषतः मुलांत, पी-१९० जास्त आढळतो. नुसता पी-२१० तपासून दिलेला ‘निगेटिव्ह’ या आजारात निरुपयोगी आहे. दुसरी गोष्ट सीआरएलएफ-२ची. तो बदल नेहमीच्या क्रोमोसोम तपासणीत दिसत नाही, कारण तुटलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली कळण्याइतका मोठा नसतो. फ्लो सायटोमेट्रीत मात्र एका अँटिबॉडीने तो पृष्ठभागावरच पकडता येतो. फ्लो तर होतेच. त्यात ही अँटिबॉडी सुरुवातीपासून घालावी, असा आमचा आग्रह आहे. जॅक अडवणाऱ्या गोळ्यांचा इथे इमॅटिनिबएवढा ठोस फायदा अजून सिद्ध झालेला नाही, तरी हा रुग्ण जास्त जोखमीचा आहे हे पहिल्याच आठवड्यात कळणे मोलाचे आहे. कोणती तपासणी सरकारी योजनेत बसते, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्यावे.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिण्याची सर्वांत जास्त निकड वाटली ती बाब: निदानाआधी दिलेले स्टेरॉइड. मूल लंगडते, सांधे दुखतात, ताप उतरत नाही, प्लेटलेट कमी येतात. कोणीतरी संधिवात समजून डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन देते, कधी औषधाच्या दुकानातूनच चिठ्ठीशिवाय मिळते. चार दिवसांत मूल खेळायला लागते. स्टेरॉइड लिम्फोब्लास्टना मारते, पण सगळ्यांना नाही. ज्यांचा वाढीचा संदेश जोरात आहे त्या उरतात. मग मज्जेत ब्लास्ट विरळ दिसतात, निदान अर्धवट राहते आणि उपचारातली एक महत्त्वाची मोजणीही हातची जाते. अनेक उपचारपद्धतींत पहिले सात दिवस प्रेडनिसोलोन देऊन आठव्या दिवशी रक्तात किती ब्लास्ट उरले ते पाहतात. दर मायक्रोलिटरला १,०००पेक्षा कमी असतील तर प्रतिसाद चांगला. आधीच गोळ्या पोटात गेल्या असतील तर या आकड्याला अर्थ राहत नाही. कारण न सापडलेला ताप, फिकटपणा आणि हाडदुखी एकत्र असेल तर स्टेरॉइडआधी रक्ताची काच (स्लाइड) अनुभवी पॅथॉलॉजिस्टला दाखवावी. आणि गोळी दिली गेलीच असेल तर ते लपवू नये. नाव, मात्रा, तारीख लिहून डॉक्टरांना द्यावी.

याच्या उलट भीती जी-सीएसएफच्या इंजेक्शनाची. केमोनंतर पांढऱ्या पेशी घसरल्या की डॉक्टर फिल्ग्रास्टिम, म्हणजे हेच इंजेक्शन, लिहून देतात आणि ‘हे वाढीचे इंजेक्शन, याने कर्करोगच वाढेल’ म्हणून घरचे ते टाळतात. हा ग्रोथ फॅक्टर न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) बनवणाऱ्या पेशींचा आहे. त्याचा रिसेप्टर मुख्यतः त्याच घराण्यात असतो आणि बी-लिम्फोब्लास्ट सहसा त्यावर विभाजित होत नाहीत. ते द्यायचे की नाही हे डॉक्टर ठरवतील, पण भीतीपोटी बुडवू नये. नेहमीची मात्रा किलोमागे रोज ५ मायक्रोग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ३०० मायक्रोग्रॅम; ते त्वचेखाली देतात. केमोच्या आधी किंवा नंतर चोवीस तासांच्या आत देऊ नये, कारण नव्याने विभागू लागलेल्या निरोगी पेशीच केमोच्या तडाख्यात सापडतात. इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवावे, फ्रीजरमध्ये नाही, आणि हलवू नये. कंबर आणि मांड्या दुखतात. ते मज्जा फुलल्याचे दुखणे आहे, आजार उलटल्याचे नाही. रक्त तपासायला देताना हे इंजेक्शन चालू असल्याचे प्रयोगशाळेला जरूर सांगा. त्या दिवसांत कोवळ्या पेशी, क्वचित एखादा ब्लास्टही, रक्तात उतरतो आणि काच वाचणाऱ्याला कारण माहीत नसेल तर विनाकारण धावपळ होते.

वयस्कर माणसांतल्या सीएलएल या संथ ल्युकेमियाचे गणित निराळे. तिथे रक्तात दिसणाऱ्या पेशी बहुतेक विसावलेल्या असतात. विभाजन चालते ते लसिकाग्रंथींत आणि मज्जेत. तिथे शेजारी पेशींकडून बीएएफएफ, एप्रिल (APRIL), सीडी-४० लायगँड आणि इंटरल्युकिन-४ ही संदेश देणारी प्रथिने मिळतात आणि पेशीचा स्वतःचा बी-सेल रिसेप्टरही चेतवला जातो. त्या रिसेप्टरचा संदेश बीटीके या एन्झाइममधून जातो. ऑग्डेन ब्रुटन यांनी १९५२ मध्ये वर्णन केलेल्या जन्मजात आजारात हेच एन्झाइम बिघडलेले असते आणि त्या मुलांत बी-पेशी जवळजवळ नसतात. म्हणून बीटीके अडवणारी इब्रुटिनिबसारखी गोळी सीएलएलमध्ये लागू पडते. गोळी सुरू झाली की गाठी आठवडाभरात मऊ पडतात, पण रक्तातला लिम्फोसाइटचा आकडा वाढतो. ग्रंथींत रुतून बसलेल्या पेशी सुटून रक्तात येतात म्हणून हे होते. आकडा पाहून गोळी स्वतःहून बंद करणे ही मोठी चूक; तो कमी व्हायला काही महिनेही लागू शकतात. वेनेटोक्लॅक्स हे औषध जगण्याच्या संदेशावर, बीसीएल-२वर काम करते आणि पेशी इतक्या झपाट्याने मारते की त्यांच्यातला पोटॅशियम आणि युरिक आम्ल रक्तात लोटते. म्हणून २०, ५०, १००, २०० आणि ४०० मिलिग्रॅम अशी दर आठवड्याला चढती मात्रा देतात आणि दोन दिवस आधीपासून रोज दीड ते दोन लिटर पाणी प्यायला सांगतात. या दोन्ही गोळ्यांवर असताना ग्रेपफ्रूट खाऊ नये, आणि त्याच्याच कुळातले पपनसही टाळावे. आतड्यातले आणि यकृतातले जे एन्झाइम औषध मोडते ते या फळांमुळे मंदावते आणि औषधाची रक्तातली पातळी चढते.

आहाराविषयी थोडक्यात. दुधातल्या ग्रोथ फॅक्टरच्या भीतीने आजारी मुलाचे दूध तोडू नये. इन्सुलिनसारखे ग्रोथ फॅक्टर यकृत स्वतः तयार करते, दुधातली प्रथिने पचनात तुटतात आणि कुपोषित मुलाला केमो झेपत नाही. गुळवेल मात्र डॉक्टरांना न विचारता देऊ नये. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेलीनंतर यकृताला झालेल्या इजेचे रुग्ण नोंदवले आहेत. बी-एएलएलच्या मेन्टेनन्समध्ये, म्हणजे शेवटच्या दीर्घ उपचारात, यकृताची एन्झाइमे चढली की मर्कॅप्टोप्युरिन आणि मेथोट्रेक्सेट कमी करावे लागते किंवा थांबवावे लागते.

ज्यांचा आजार उलटला आहे त्यांच्यासाठी आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी विकसित केलेल्या नेक्सकार-१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये देशात मान्यता मिळाली. यात रुग्णाच्याच टी-पेशींना बी-पेशीवरचे सीडी-१९ ओळखायला शिकवतात, त्यामुळे कोणता वाढीचा संदेश अडकला आहे याने फारसा फरक पडत नाही. टी-पेशी परत देण्याआधी फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड देतात, कारण जुन्या लिम्फोसाइट कमी झाल्या की इंटरल्युकिन-७ आणि इंटरल्युकिन-१५ वापरणारे कोणी उरत नाही, त्यांची पातळी वाढते आणि नव्या टी-पेशी त्यावर भराभर वाढतात. हे दिवस ठरलेल्या वेळापत्रकाने चालतात. टी-पेशी काढून घेण्याआधीही स्टेरॉइड ठरावीक दिवस बंद ठेवावे लागते, नाहीतर पेशी पुरेशा आणि जोमदार मिळत नाहीत. गावाकडे ताप आला म्हणून मधल्या काळात कोणतीही गोळी घेण्याआधी उपचार करणाऱ्या केंद्राला फोन करावा.

आपल्या आरोग्य पानावर तपासणीचे रिपोर्ट कसे वाचावेत यासाठी थोडी जागा नियमित दिलीत तर वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे लिहून द्यायला आम्ही तयार आहोत.

कळावे,
रक्तपेशींच्या तपासणीचे काम करणारे काही जण,
पुणे